जिन्यातला दिवा

(व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "मेंटेनन्स." पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे यंत्रांचं का?" म्हटलं, "नाही हो, सोसायटीचं." पुन्हा शांतता. त्यांचंही चुकलं नाही. स्मृतिव्याख्यानात लोकशाही येते, शेतीचे प्रश्न येतात, संतसाहित्य तर येतंच. झाडणाऱ्या बाईच्या पगारासाठी दर महिन्याला दारोदार फिरून गोळा करायचे सहाशे रुपये हा काय व्याख्यानाचा विषय झाला?

पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांनी निवृत्तीनंतरची चौदा वर्षं हेच काम केलं. ते आपल्या इमारतीचे सचिव होते. निवडून आले होते असं म्हणवत नाही. सभेत दुसऱ्या कोणी हात वर केला नाही, एवढंच. त्यांच्या मुलाने मागच्या महिन्यात मला सरांची वही दाखवली. लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारीची असते तशी लांबट वही. प्रत्येक फ्लॅटला एक पान. पानावर महिने, रक्कम, आणि समोर शाळामास्तरच्या वळणदार अक्षरात शेरा. 'दिले.' 'अर्धे दिले.' 'बाहेरगावी.' 'सुटे नाहीत.' एका पानावर सलग अकरा महिने एकच शब्द आहे : 'उद्या'. बाराव्या महिन्यासमोर शेरा नाही, नुसती टिंबं आहेत. मी सहकार खात्यात लेखापरीक्षणाचं काम करून निवृत्त झालो. साखर कारखाने, जिनिंग-प्रेसिंग, पतसंस्था, सगळ्यांचे ताळेबंद पाहिले. पण त्या अकरा 'उद्यां'इतकी बोलकी थकबाकीची यादी माझ्या पाहण्यात नाही.

आपण यवतमाळकर मुळात प्लॉटची माणसं. नोकरी लागली की लोहाऱ्याला नाहीतर वाघापूरला, उमरसऱ्याला नाहीतर वडगावला ले-आऊटमध्ये दीड-दोन हजार फुटांचा प्लॉट घ्यायचा, आधी बोअर मारायची, मग कंपाऊंड घालायचं, आणि पोराचं लग्न ठरलं की घर बांधायचं. अशा घरात दुसऱ्याशी सामाईक असतं ते एक कुंपण, आणि त्यावरून भांडण झालं तर तेही सामाईक. रस्ता नगरपरिषदेचा, नाली नगरपरिषदेची, दिवा गेला तर शिव्या नगरपरिषदेला. फ्लॅट आपल्याकडे उशिरा आले. गावाकडे शेती आणि पोरांच्या शाळेसाठी शहरात बिऱ्हाड, असं ज्यांचं दोन ठिकाणी चालतं त्यांनी घेतले, निवृत्तांनी घेतले, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांनी आईबापांसाठी घेतले. फ्लॅटसोबत जिना आला, गच्ची आली, टाकी, मोटर, लिफ्ट आणि मीटरची खोली आली. त्या जिन्यातला दिवा मात्र नगरपरिषदेचा नव्हता आणि आपलाही वाटेना. मग तो कोणाचा, या प्रश्नाभोवती माझं आजचं बोलणं आहे.

आपल्याला पैसे द्यायची सवय नाही असं मुळीच नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहायला बाहेरून माणसं येतात. ते मंडप, ती रोषणाई वर्गणीवर उभी राहते. पावतीपुस्तक घेऊन चार पोरं दारात आली की आपण हजार-पाचशे काढून देतो आणि वर चहा पाजतो. त्याच माणसाच्या दारात महिन्याच्या पाच तारखेला सचिव उभा राहिला की चेहरा बदलतो. मला वाटतं, घोटाळा इथेच आहे. मेंटेनन्सला आपण वर्गणी समजतो. वर्गणी मागणाऱ्याचं तोंड पाहून दिली जाते, ऐपतीप्रमाणे दिली जाते, यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी दिली जाते. मेंटेनन्सचा या तिन्हींशी संबंध नाही. ते तुमच्याच मालकीच्या वस्तूवर होणारा खर्च आहे. खरेदीखतात फ्लॅट क्रमांक ३०२ लिहिलेला असतो तसाच सामाईक भागातला हक्कही आलेला असतो. तुम्ही जिना विकत घेतला आहे. पूर्ण नाही, थोडा. त्या थोड्याचं बिल दर महिन्याला येतं.

ही अडचण फक्त आपली नाही. माझा पुतण्या स्पेनमध्ये असतो, वालेंसियाजवळ. तिथे त्याने चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे; खाली पोहण्याचा तलाव, बाग, फाटक, सगळं सामाईक. महिन्याचे नव्वद युरो त्याच्या बँक खात्यातून परस्पर कापले जातात. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "काका, मी अध्यक्ष झालो!" मला वाटलं कंपनीत बढती मिळाली. तर त्याच्या इमारतीत मालकांपैकी एकाला पाळीपाळीने अध्यक्ष व्हावं लागतं, आणि त्या वर्षी त्याची पाळी होती. तिथल्या कायद्याने हे पद नाकारता येत नाही. सुटका हवी असेल तर महिन्याभरात न्यायाधीशाकडे जाऊन कारण सांगावं लागतं. त्याला स्पॅनिश अर्धीमुर्धी येते. तरी बिचाऱ्याने वर्षभर बागेच्या पाइपांवर सभा घेतल्या. सरांच्या इमारतीत हा नियम असता तर चौदा वर्षांत चौदा सचिव झाले असते आणि 'उद्या' म्हणणाऱ्या माणसालाही एकदा वही हातात घ्यावी लागली असती.

स्पेनचा हा कायदा २१ जुलै १९६०चा. आपला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमही १९६०चाच. प्रत्यक्ष अंमल २६ जानेवारी १९६२ला सुरू झाला. वर्ष जुळलं हा निव्वळ योगायोग. पण एकावर एक घरं रचून राहू लागलेल्या माणसांचे तंटे तेव्हा दोन्हीकडे कायद्याच्या दारात येऊन उभे होते, हा योगायोग नाही.

तसं आपल्याकडे हे काम त्याच्याही आधीचं. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. देशातली अशी पहिली संस्था म्हणून तिचं नाव घेतात, आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या श्रीपाद सुब्राव तालमकींना सहकारी गृहनिर्माणाचे जनक म्हणतात. ती माणसं आधी एकत्र आली आणि मग त्यांनी घरं बांधली. संस्था आधी, इमारत नंतर. पुढे हा क्रम उलटला. बिल्डर आला, त्याने इमारत बांधून फ्लॅट विकले आणि एकमेकांना न ओळखणारे सोळा खरेदीदार एका जिन्यात येऊन भेटले. त्यांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून १९६३चा मालकी फ्लॅटचा कायदा झाला, आपण ज्याला 'मोफा' म्हणतो तो. मग १९७०चा अपार्टमेंट मालकीचा कायदा. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांचं नाव आपण हरितक्रांती आणि रोजगार हमीसाठी घेतो, आणि ते बरोबरच आहे. पण महाराष्ट्रातल्या लाखो फ्लॅटमालकांमध्ये दर महिन्याचा हिशेब कसा वाटायचा, याचे दोन रस्ते झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत, हे गहुलीतसुद्धा कोणाला माहीत नसेल.

हे दोन रस्ते नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणं इथे उगवतात. एक रस्ता सोसायटीचा. त्यात जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर, आणि तुम्ही सभासद. दुसरा अपार्टमेंटचा. त्यात बिल्डर घोषणापत्र नोंदवतो, प्रत्येक फ्लॅटला सामाईक भागातला टक्का ठरवून देतो आणि तुम्ही थेट मालक होता. माझ्या पाहण्यात आपल्या भागातल्या बिल्डरांना हा दुसरा रस्ता जास्त भावला. आता समजा, इमारतीत सोळा फ्लॅट आहेत, आठ मोठे आणि आठ लहान, आणि झाडणं, वीज, लिफ्टचा करार, पंप मिळून महिन्याचा खर्च १६,००० रुपये. सोसायटी असेल तर हा सेवाखर्च सगळ्यांना सारखा : प्रत्येकी १,०००. अपार्टमेंट असेल तर कायदा म्हणतो, टक्क्याप्रमाणे. मोठ्या फ्लॅटचा वाटा साडेआठ टक्के असेल तर त्याला १,३६०. लहानाचा चार टक्के असेल तर त्याला ६४०. तीच इमारत, तीच झाडणारी बाई. खरेदीच्या दिवशी वकिलाने पुढे सरकवलेला कागद कोणता होता, त्यावर महिन्याचे ३६० रुपये ठरतात. आणि तो कागद कोणता, हे सोळापैकी बारा जणांना सांगता येत नाही. हे मी हवेतलं बोलत नाही. माझ्याच इमारतीत विचारून पाहिलं.

सारखं की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर मुंबईतल्या व्हीनस सोसायटीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि सेवाखर्च सर्वांना समान असाच निर्णय झाला. मोठ्या फ्लॅटवाल्यासाठी वॉचमन जास्त जागत नाही, आणि जिना झाडताना बाई लहान फ्लॅटवाल्याची पायरी वगळत नाही. मला स्वतःला हे पटतं. पण "सोसायटीत सगळं सारखंच" असं छातीठोकपणे सांगणारे सचिवही मी पाहिले आहेत, आणि ते चूक सांगतात. आदर्श उपविधी हातात घेऊन वाचा. नगरपरिषदेचा कर ज्याचा त्याला, प्रत्यक्ष येईल तो. पाणीपट्टी प्रत्येक फ्लॅटच्या नळांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्ती आणि सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चाप्रमाणे, म्हणजे मोठ्याला जास्त. समान आहे ते सेवाशुल्क. आणि लिफ्टसुद्धा समान, वापरा की वापरू नका.

लिफ्टवर थोडं थांबतो. तळमजल्यावरच्या माणसाचा प्रश्न प्रत्येक सभेत येतोच, आणि आपल्या वऱ्हाडीत तो फार गोड वाटतो : "मी तं खालीच राह्यतो न बावा, लिफ्टचे पैशे मी कायले देऊ?" सभेत सगळे हसतात, त्याला माघार घ्यायला लावतात, आणि तो चार महिने कोणाशी बोलत नाही. त्याला हसू नये. स्पेनमध्ये वाटा कागदोपत्री ठरलेला असतो, आणि तळमजल्यावरच्या दुकानांना जिना-लिफ्टच्या खर्चातून सूट असल्याचं कित्येक इमारतींच्या घोषणापत्रातच लिहिलेलं असतं. म्हणजे त्याचा प्रश्न वेडा नाही. त्याचं उत्तर आपल्या उपविधीत वेगळं आहे, इतकंच. ते त्याला उपविधीचं पान उघडून दाखवावं. दाखवलं की माणूस पुष्कळदा ऐकतो. सभेत ओरडल्याने मात्र कोणी ऐकल्याचं माझ्या आठवणीत नाही.

पाण्याचा हिशेब नळ मोजून करा, असं उपविधी सांगतात. ते लिहिणारा माणूस २०१८ सालच्या उन्हाळ्यात यवतमाळला आलेला नव्हता. आपल्याला आठवतं. निळोणा आणि चापडोह, शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं तळाला गेली होती. नळ होते, पाणी नव्हतं. आमच्या इमारतीत टँकर सुरू झाले आणि त्याच्या पैशांचं वाटप कसं करायचं यासाठी रात्री साडेनऊला गच्चीवर सभा बसली. नळाप्रमाणे करावं तर तीन नळवाल्या घरी दोनच म्हातारी माणसं. सारखं करावं तर सात माणसांचं घर आणि एकट्या बाई यांना एकच आकडा. शेवटी माणशी करायचं ठरलं. लगेच पुढचा प्रश्न : बाळंतपणाला आलेली लेक माणसांत मोजायची का? आणि बाळ? त्यावर पाऊण तास गेला. एकीने सांगितलं, बाळाचे लंगोट धुवायलाच सगळ्यात जास्त पाणी लागतं. दुसरीने सांगितलं, माहेरी आलेल्या लेकीचं पाणी मोजणाऱ्या इमारतीत मला राहायचंच नाही. ठराव झाला : लेक आणि बाळ मोजायचं नाही. तो ठराव आजही इतिवृत्तात आहे. मी आयुष्यात वाचलेल्या ठरावांत तोच मला सगळ्यात शहाणा वाटतो. आता कोणी म्हणेल, हे उपविधीत बसतं का? नाही बसत. पण ठराव लिहिला होता, सोळांच्या सह्या होत्या, म्हणून पुढे त्यावरून वाद झाला नाही.

आता जरा हिशेबाकडे, कारण मी जुना लेखापरीक्षक आहे आणि हा भाग टाळला तर रात्री झोप लागणार नाही. महिन्याचं मेंटेनन्स म्हणजे वॉचमन, झाडू आणि लाइटबिल, असं आपण धरून चालतो. उपविधी त्यापलीकडे दोन गोष्टी सांगतात. एक, सिंकिंग फंड : फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, वर्षाला निदान पाव टक्का. दोन, दुरुस्ती निधी : वर्षाला निदान पाऊण टक्का. दोन्ही मिळून एक टक्का. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख धरा. पाव टक्क्याचे ३,००० आणि पाऊण टक्क्याचे ९,०००. वर्षाचे १२,०००, म्हणजे महिन्याला १,०००. लक्षात घ्या, अजून झाडणाऱ्या बाईला एक रुपया दिलेला नाही, लिफ्टला हात लावलेला नाही, दिवा लावलेला नाही. आणि आपल्या शहरातल्या किती इमारतींत सगळं मिळून महिन्याला पाचशे-सहाशेच घेतले जातात, ते तुम्ही मला सांगू नका, मीच सांगतो : मी ज्या ज्या इमारतींचे हिशेब पाहिले, जवळजवळ त्या सगळ्यांत.

यात मी स्वतः गुन्हेगार आहे. निवृत्त झाल्यावर लोकांनी मला खजिनदार केलं. ऑडिटवाला माणूस, आता हिशेब चोख राहील, अशी सगळ्यांची समजूत. पहिल्याच सभेत मागणी आली, ९०० फार होतात, कमी करा. आणि मी, ज्याने तीस वर्षं लोकांच्या ताळेबंदावर लाल शाईने 'तरतूद अपुरी' असे शेरे मारले, तो मी, ६००ला तयार झालो. टाळ्या पडल्या. बरं वाटलं. तीन वर्षांनी जुलैत वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत छत गळायला लागलं. पलंगावर घमेली ठेवलेली, भिंतीला ओलीचा हिरवट नकाशा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं अंदाजपत्रक आलं अडीच लाख. निधीत एकोणीस हजार. मग वरचे म्हणाले, गच्ची सगळ्यांची. खालचे म्हणाले, गळतं तुमच्याकडे. सोळा फ्लॅटचे महिन्याला हजार रुपये जमले असते तर वर्षाला १,९२,००० होतात. दीड वर्षातच गच्ची करून पैसे उरले असते. मी वाचवलेले तीनशे रुपये तेव्हा प्रत्येकाने पंधरा हजारांच्या एकरकमी हप्त्यात फेडले, आणि दोघांनी अजून फेडलेले नाहीत.

स्पेनमध्ये राखीव निधी ऐच्छिक नाही. वार्षिक अंदाजपत्रकाच्या निदान दहा टक्के तो असायलाच हवा. पूर्वी पाच टक्के होता, २०१९मध्ये वाढवला. आपलीही तरतूद कागदावर कमी नाही. पण आपल्याकडे सभेत सगळ्यात लोकप्रिय ठराव कायम 'मेंटेनन्स कमी करणे' हाच असतो. नगरपरिषदेने कर वाढवला नाही म्हणून आपण टाळ्या वाजवतो आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या देतो, तसंच हे.

(एक बाजूची गोष्ट. सभासदाचं महिन्याचं मेंटेनन्स ७,५००च्या वर गेलं तर जीएसटीचा प्रश्न येतो, असं पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत फार चिंतेने बोलतात. यवतमाळात त्याची काळजी करणारा माणूस मला भेटला तर मी त्याचा सत्कार करीन.)

नव्या इमारतींची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. ताबा देताना बिल्डर दोन वर्षांचं मेंटेनन्स आगाऊ घेतो. आमच्याकडे घेतलं होतं. नाव घेत नाही. ते नाव महत्त्वाचंही नाही, कारण पद्धत सगळीकडची आहे. दोन वर्षांनी एक दिवस वॉचमन येईनासा झाला तेव्हा कळलं की पैसे संपले. कशावर संपले, याचा कागद कधी मिळाला नाही. मोफाचं पाचवं कलम सांगतं की खरेदीदारांकडून अशी आगाऊ रक्कम घेतली तर ती बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायची आणि त्याच कामासाठी खर्च करायची. १९६३पासून सांगतं. आपण ते कलम कधी मागितलंच नाही. पावती हातात आहे का, एवढं विचारलं तरी कित्येकांना आठवत नाही. मग 'आता आपण आपलं बघू' म्हणत एक जण वही घेतो. ही वही ना सोसायटीची, ना अपार्टमेंटच्या मंडळाची. तिला कायद्याने काहीच म्हणत नाहीत. दहा-दहा वर्षं इमारती अशा वहीवर चालतात. दोन भाऊ वेगळे न होता एकाच चुलीवर राहतात, तसं. चालतं तोवर चालतं.

बंद फ्लॅटांचा मुद्दा यवतमाळात मोठा आहे, कारण आपली मुलं पुण्यात आहेत. मालक बाहेर, भाडेकरू आत किंवा कुलूप बाहेर. भाडेकरू म्हणतो मालकाला विचारा, मालक फोन उचलत नाही. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी 'बिनभोगवटा शुल्क' लावू शकते, पण त्याची मर्यादा शासनाने १ ऑगस्ट २००१ला घालून दिली : सेवाशुल्काच्या दहा टक्के, जास्त नाही. त्याआधी मुंबईत मनाला येईल तसे आकडे लावायचे. जवळचे नातेवाईक राहत असतील तर हे शुल्कही नाही. मुंबईची मॉन्ट ब्लांक सोसायटी ही मर्यादा मान्य नाही म्हणून उच्च न्यायालयात गेली होती, पण मर्यादा टिकली. स्पेनची डोकेदुखी वेगळीच : समुद्रकाठच्या इमारतींत पर्यटकांना दिवसावारी भाड्याने दिलेले फ्लॅट. सुटकेसांची चाकं रात्री दोनला जिन्यात वाजतात. तिथे २०१९पासून तीन-पंचमांश मालकांचं एकमत झालं तर अशा फ्लॅटवर वीस टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावता येतं. आपल्याकडे जिन्यात रात्री दोनला फक्त कुत्रं येतं, तेही दिवा लागत नाही म्हणून.

आता थकबाकी. तीन महिने भरलं नाही की सभासद थकबाकीदार. संस्था २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू शकते. उपनिबंधकांकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवता येतो, आणि तो मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. हत्यार जबरदस्त आहे. पण ते नोंदणी झालेल्या संस्थेच्याच हातात आहे. वहीच्या हातात नाही. म्हणून वहीवाल्या इमारतींत दुसरं हत्यार निघतं : नळ बंद करणे. हे करू नका. कायद्याने तो अधिकार समितीला नाही, आणि माणुसकीने कोणालाच नाही. मी पाहिलेल्या एका इमारतीत नळ बंद केला म्हणून पोलिस आले आणि सचिवालाच ठाण्यात बसवून ठेवलं. थकबाकीदार मात्र खुर्चीत बसून तक्रार लिहीत होता.

माझ्या अनुभवात वसुलीची खरी वेळ एकच असते, फ्लॅट विकला जातो तेव्हा. स्पेनमध्ये विकणाऱ्याला थकबाकीचा दाखला द्यावा लागतो, आणि नवा मालक चालू वर्षाच्या आणि त्यामागच्या तीन वर्षांच्या थकबाकीला बांधील असतो. शिवाय थकबाकीदाराला तिथे सभेत बोलता येतं, मत देता येत नाही. हे मला फार आवडलं. आपल्याकडे नोंदणीकृत संस्था असेल तर येणं चुकतं झाल्याशिवाय शेअर हस्तांतरण होत नाही. वहीवाल्या इमारतीत मात्र फ्लॅट विकला जातो, जुना मालक नागपूरला जातो, आणि नवा माणूस दिवाळीत पहिल्या सभेला येतो तेव्हा त्याला कळतं की त्याच्या दारावर अठरा हजारांचं भांडण लटकलेलं आहे. तो बिचारा मिठाईचा डबा घेऊन आलेला असतो.

तेव्हा मला सांगायचं आहे ते एवढंच : किती घ्यायचं हा प्रश्न नंतरचा. आधी वहीचं संस्थेत रूपांतर करा. पूर्वी संस्था नोंदवायला दहा सभासद लागत. २०१९च्या दुरुस्तीनंतर निदान पाच, आणि एकूण खरेदीदारांपैकी ५१ टक्के पुरतात. सोळा फ्लॅटच्या इमारतीत नऊ जण. बिल्डर सहकार्य करत नसेल तर खरेदीदारांना स्वतः अर्ज करता येतो. रेरा कायदा लागू असलेल्या प्रकल्पात तर ५१ टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत संस्था करून देणं ही बिल्डरचीच जबाबदारी आहे. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्राची प्रत काढा आणि आपला टक्का किती तो वाचा. ती प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात मिळते.

सरांच्या वहीकडे परत येतो. शेवटच्या पानावर त्यांनी चौदा वर्षांत स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे टिपून ठेवले आहेत. बल्ब, बल्ब, होल्डर, बल्ब, मोटरचा कॅपॅसिटर, बल्ब. बेरीज केलेली नाही. गणिताच्या शिक्षकाने बेरीज केली नाही, म्हणजे ती मुद्दामच केली नसणार. मी केली. ४,३८५ रुपये. त्यांच्या मुलाने ते परत मागितलेले नाहीत, आणि मी त्याला मागायलाही सांगणार नाही. पण त्या इमारतीतली माणसं आज या सभागृहात दिसतात, म्हणून आकडा सांगून ठेवतो.

आता ऑगस्ट आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. जिन्यात नोटीस लागली असेल तर सभेला जा, आणि अंदाजपत्रकात दुरुस्ती निधी किती धरला आहे तेवढा एक प्रश्न विचारा. नोटीस लागली नसेल तर ती का लागली नाही, ते विचारायला आज घरी जाताना सचिवाचं दार वाजवा. त्यांनाही कोणी आपणहून दार वाजवलेलं बरं वाटेल.